पचनाचे कोडे स्वतःच्या उदरात सोडविणारे धर्मगुरू : लाझारो स्पालांझानी

मनुष्याच्या पचनसंस्थेची आकृती शाळेच्या वहीत आपण सर्वांनीच केव्हा ना केव्हा काढलेली आहे. मुखापासून निघणारी अन्ननलिका, पखालीसारखे जठर, त्याखाली वेटोळी घालून बसलेले लहान आतडे आणि त्याला चौकटीसारखे वेढणारे मोठे आतडे. जठरापाशी बाण काढून आपण ‘जठररस’ असे लिहितो आणि पुढे जातो. हा एक शब्द त्या जागी निःशंकपणे लिहिता यावा यासाठी युरोपातील विद्वानांना शंभराहून अधिक वर्षे वाद घालावा लागला. तो वाद ज्यांच्या प्रयोगांनी बव्हंशी मिटला ते एक कॅथलिक धर्मगुरू होते, ही गोष्ट मात्र आमच्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्यांचा जीवनपरिचय आम्ही येथे सादर करीत आहोत.

लाझारो स्पालांझानी यांचा जन्म जानेवारी १७२९ मध्ये उत्तर इटलीतील रेज्जो शहराजवळच्या स्कांदियानो या गावी झाला. वडील वकील होते. वयाच्या पंधराव्या वर्षी लाझारो रेज्जो येथील येशूसंघीयांच्या विद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांनी ग्रीक व लॅटिन भाषांचे आणि तत्त्वज्ञानाचे भक्कम शिक्षण घेतले. एवढा तल्लख विद्यार्थी आपल्या संघात यावा असे येशूसंघीयांना वाटले, डोमिनिकनांनाही वाटले. परंतु त्यांनी कोणत्याही संघात प्रवेश केला नाही. वडिलांच्या इच्छेनुसार ते कायद्याच्या अभ्यासासाठी बोलोन्याच्या विद्यापीठात गेले.

बोलोन्याला त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. त्यांच्या नात्यातील एक विदुषी, लॉरा बास्सी, त्या विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवीत होत्या. १७३२ साली एका तरुण स्त्रीला विद्यापीठाने अध्यापकपद द्यावे ही त्या काळच्या युरोपातही अपूर्व घटना होती. लॉराबाईंच्या सहवासात या विद्यार्थ्याला निसर्गाचे वेड लागले आणि कायद्याची पुस्तके मागे पडली. वडिलांची समजूत घालणे सोपे नव्हते. ते काम त्याच परिसरातील प्राध्यापक आन्तोनिओ व्हालिस्नेरी यांनी केले. पुढे स्पालांझानी यांनी धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली. त्या पदाचे उत्पन्न बेताचेच असले तरी त्यांच्या अभ्यासाला ते आधारभूत ठरले. युरोपभर ते ‘आबे स्पालांझानी’ या नावानेच ओळखले गेले. प्रथम रेज्जो, १७६३ पासून मोदेना आणि १७६९ पासून अखेरपर्यंत पाव्हिया, अशी त्यांची अध्यापनाची वाटचाल झाली. पाव्हिया त्या वेळी ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होते आणि सम्राज्ञी मारिया थेरेसा यांच्या राजवटीत तेथील विद्यापीठाला नवे तेज आले होते. निसर्गेतिहासाचे अध्यासन आणि तेथील वस्तुसंग्रहालय, दोन्ही स्पालांझानी यांच्या हाती आले.

त्यांच्या संशोधनाची यादी मोठी आहे. उकळून हवाबंद केलेल्या काढ्यात सूक्ष्म जीव आपोआप उत्पन्न होत नाहीत हे त्यांनी १७६५ मध्ये दाखविले. विरुद्ध बाजूला इंग्लंडचे जॉन नीडहॅम होते, तेही कॅथलिक धर्मगुरूच. म्हणजे हा वाद धर्म विरुद्ध विज्ञान असा नव्हताच, दोन धर्मगुरूंमधील होता. सॅलमँडरचे तुटलेले पाय व शेपटी पुन्हा कशी वाढते, डोळ्यांविना वटवाघूळ अंधारात कसे उडते, प्राण्यांचे प्रजनन कसे होते, असे अनेक विषय त्यांनी हाताळले. त्यांतील प्रत्येकावर स्वतंत्र लेख होईल. आम्ही येथे पचनापुरतेच बोलणार आहोत, कारण तेथे त्यांनी आपल्या टेबलावरील प्राण्यांबरोबर स्वतःलाही प्रयोगास लावले.

त्या काळी पचनाविषयी काय समजूत होती ते आधी पाहू. प्राचीन ग्रीक वैद्यांच्या मते जठर म्हणजे एक चूल, तीवर अन्न शिजते. आपल्याकडील ‘जठराग्नी’ हा शब्दही त्याच अनुभवातून आलेला दिसतो. सतराव्या शतकात मात्र पंडितांचे तट पडले. शरीर हे एक यंत्र आहे असे मानणारे म्हणत की जठर अन्न दळते, जात्यासारखे. रसायनाचे भक्त म्हणत की अन्न आंबते, द्राक्षरसाचे मद्य होते तसे. तिसरा पक्ष तर म्हणे की पोटात अन्न चक्क कुजते. चूल, जाते, आंबवण आणि उकिरडा! आज हे वाचून हसू येते. पण यातील एकही कल्पना मूर्खपणाची नव्हती. उघड्या डोळ्यांनी न दिसणाऱ्या जागेविषयी माणूस आपल्या घरातल्या वस्तूंवरूनच तर्क करणार.

पहिले जोरकस पाऊल टाकले ते फ्रान्सच्या रेने द रेओम्यूर यांनी, १७५२ च्या सुमारास. तापमापकामुळे त्यांचे नाव प्रसिद्ध होतेच. शिकारी पक्षी न पचलेली हाडे, पिसे तोंडावाटे परत टाकतात, या साध्या गोष्टीचा त्यांनी उपयोग करून घेतला. दोन्ही टोकांना तारेची जाळी लावलेल्या धातूच्या लहान नळ्यांत मांस भरून त्या त्यांनी अशा पक्ष्याला गिळायला लावल्या. नळी परत आली तेव्हा तिला चेप नव्हता, आतले मांस मात्र बरेचसे विरघळले होते. धातूच्या नळीत मांस दळले जाणे शक्य नव्हते, आणि त्याला कुजल्याचा वासही नव्हता. पुढे तो पक्षी मेला आणि १७५७ मध्ये रेओम्यूरही निवर्तले. प्रश्न अर्धवट राहिला.

वीस वर्षांनी, १७७७ च्या सुमारास, स्पालांझानी यांनी ते काम हाती घेतले. त्यांची पद्धत विलक्षण चिकाटीची होती. एका प्राण्यावर जे दिसले ते दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, दहाव्यावर पडताळून पाहायचे. आरंभ त्यांनी कोंबडी, बदक, हंस, टर्की, कबूतर अशा पक्ष्यांपासून केला. या पक्ष्यांना दात नसतात. त्याऐवजी पोटात पेषणी असते. कोंबडी साफ करताना आतून खडबडीत अस्तराचा जो घट्ट, मांसल गोळा निघतो तीच ही पेषणी. तिची ताकद किती? शिशाच्या गोळीत बारा सुया रोवून ती गोळी त्यांनी टर्कीच्या घशाखाली उतरविली. दीड दिवसाने पक्षी उघडून पाहिला तो सुयांची टोके मोडून गेलेली आणि पेषणीला ओरखडाही नाही. सुयांच्या जागी धारदार पाती लावून पाहिली, तीही बोथट होऊन तुटली. म्हणजे जात्यावाल्यांचे म्हणणे खरे ठरले म्हणायचे? नाही. कारण भक्कम नळीत सुरक्षित ठेवलेला सबंध दाणा त्याच पेषणीत तसाच राही, पण आधी भरडून नळीत घातलेले धान्य मात्र विरघळे. पेषणी दातांचे काम करते. पचन त्यानंतर सुरू होते, आणि ते करणारे काही वेगळेच आहे.

मग त्यांनी कावळे घेतले, बेडूक, साप, मासे, मेंढ्या, घुबड, ससाणा, गरुड, मांजर, कुत्रा, असे करीत ते पुढे गेले. नळीत स्पंजाचा तुकडा ठेवून त्यांनी जठरातील द्रव पिळून काढला. तो द्रव आणि मांसाचा तुकडा काचेच्या नळीत घालून ती बंद करून ठेवली. ऊब हवी म्हणून ती नळी त्यांनी स्वतःच्या काखेत धरली, तीही तीन दिवस! उबेत मांस विरघळले, थंडीत ते जवळजवळ तसेच राहिले. नुसत्या पाण्यात ठेवलेले मांस मात्र कुजले. साप, बेडूक यांसारख्या थंड रक्ताच्या प्राण्यांत पचन इतके मंद का, याचाही उलगडा त्यातून होऊ लागला. विद्यापीठाचा एक मान्यवर प्राध्यापक, पूज्य धर्मगुरू, काखेत मांसाची नळी घेऊन तीन दिवस वावरत आहे, हे चित्र पाव्हियाकरांना कसे वाटले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

राहिला मनुष्य. माणसाचे जठर उघडून पाहता येत नव्हते आणि दुसऱ्या कोणाला गिळायला लावणे त्यांना योग्य वाटले नाही. तेव्हा त्यांनी स्वतःवरच प्रयोग करण्याचे ठरविले. ५२ ग्रेन, म्हणजे तीन-साडेतीन ग्रॅम, चावलेली पाव-भाकर त्यांनी तागाच्या कापडाच्या इवल्याशा पिशवीत शिवली आणि सकाळी रिकाम्या पोटी गिळली. हे करताना त्यांना भीती वाटली, आणि ती वाटणे स्वाभाविकच होते. पिशवी आतड्यात कोठे अडकली असती तर त्या काळच्या शल्यवैद्यकाजवळ तिच्यावर उपाय नव्हता. भूल देण्याची विद्या अजून जवळपास सत्तर वर्षे दूर होती.

ती पिशवी कोणत्या मार्गाने गेली, तो मार्ग आज आपल्याला नीट ठाऊक आहे. मुखात लाळ मिसळते आणि पिष्टाचे पचन तेथेच सुरू होते. भाकरी फार वेळ चावली की गोड लागते ती यामुळेच. घास घशात गेला की श्वासनलिकेचे झाकण बंद होते आणि तो सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेत उतरतो. ही नलिका उभ्या पाइपासारखी नसते. तिच्या स्नायूंची लाट मागून आवळीत घासाला पुढे सारते, म्हणूनच आडवे पडूनही गिळता येते. जठरात एक ते दीड लिटर अन्न मावते. तीन थरांचे स्नायू ते घुसळतात, आणि अस्तरातील असंख्य सूक्ष्म ग्रंथींतून दिवसाकाठी सुमारे दोन लिटर जठररस पाझरतो. दोन ते चार तासांत अन्नाची पातळ लापशी होते आणि ती जठराच्या खालच्या दारातून थोडी थोडी पुढे सोडली जाते.

खरे मोठे काम तेथून पुढे आहे. लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते. त्याच्या पहिल्या वीतभर भागात यकृताकडून पित्त येते आणि स्वादुपिंडाचा रसही येतो. पित्त स्निग्ध पदार्थांचे बारीक थेंब करते, स्वादुपिंडाचा रस पिष्ट, प्रथिने व स्निग्धांश या तिन्हींवर चालतो. आतड्याच्या आतून मखमलीसारखे दिसणारे लक्षावधी रसांकुर असतात. तेथून पचलेले अन्न रक्तात जाते. या अस्तराचा पसारा टेनिसच्या मैदानाएवढा असतो असे पुस्तकांतून सांगितले जाई. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या मोजणीत तो सुमारे ३० चौरस मीटर भरला. तोही काही लहान नव्हे. शेवटी दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्यात पाणी शोषले जाते, असंख्य जिवाणू उरलेल्या चोथ्यावर आपला संसार चालवितात आणि बाकीचे मलाशयाकडे जाते. सगळा प्रवास सामान्यतः एक ते तीन दिवसांचा.

स्पालांझानी यांची पिशवी २३ तासांनी बाहेर आली. शिवण शाबूत होती, कापड कोठे फाटले नव्हते. आतली भाकर मात्र नाहीशी झाली होती. धीर आला तसे त्यांनी पुढचे प्रयोग केले. पिशवीला दोन पदर, मग तीन पदर. भाकरीऐवजी शिजवलेले मांस, कच्चे मांस. चावून घातलेले आणि न चावता घातलेले. चावलेले लवकर नाहीसे होई, हे पाहून घरोघरच्या आज्यांचा उपदेश किती शास्त्रीय आहे ते सिद्ध झाले. कापड दाबले जाऊन आतले अन्न भरडले जाते, असा आक्षेप कोणी घेईल म्हणून त्यांनी छिद्रे असलेल्या लाकडी नळ्या केल्या. त्या इतक्या पातळ होत्या की जरा दाब पडताच मोडाव्यात. त्या न मोडता बाहेर आल्या, आणि आत काही उरले नव्हते. मनुष्याचे जठर जात्यासारखे दळत नाही हे त्यातून ठरले.

तथापि या पुराव्यात एक उणीव होती. पिशवी सबंध अन्नमार्ग ओलांडून येई. तेव्हा भाकर जठरात विरघळली की पुढे आतड्यात, हे तिच्यावरून सांगता येत नव्हते. ते पाहायचे तर मानवी जठररस शरीराबाहेर हवा. म्हणून सकाळी अनशापोटी घशात बोटे घालून त्यांनी स्वतःला ओकारी काढविली, जमलेला द्रव चावलेल्या गोमांसासह काचेच्या नळीत भरला आणि उबेत ठेवला. दुसऱ्या दिवशी मांसाचे तंतू सुटून ते लिबलिबीत झाले होते, आणि कुजल्याची दुर्गंधी नव्हती. हा प्रयोग मात्र त्यांनी फार वेळा केला नाही. किळस आणि यातना यांमुळे तो पुढे चालविणे जमले नाही, असे त्यांनी प्रांजळपणे नमूद केले आहे. कर्तृत्वाच्या वर्णनात अशी कबुली सहसा आढळत नाही. आम्हांला ती फार मोलाची वाटते.

हे सर्व १७८० मध्ये त्यांच्या प्राणी व वनस्पतींच्या शरीरक्रियेवरील ग्रंथाच्या पहिल्या खंडात प्रसिद्ध झाले. जिनीव्हाचे पाळक जाँ सेनेबिए यांनी १७८३ मध्ये पचनाचा भाग फ्रेंचमध्ये आणला, १७८४ मध्ये इंग्रजी भाषांतर निघाले. प्रॉटेस्टंट पाळकाने कॅथलिक धर्मगुरूचा ग्रंथ जगापुढे न्यावा, हे त्या काळाच्या मानाने सुखद म्हणावे लागेल. लंडनचे प्रख्यात शल्यवैद्य जॉन हंटर यांना मात्र ते रुचले नाही. या विषयावर आपण आधी लिहिले आहे, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते खोटेही नव्हते. १७७२ मध्येच त्यांनी दाखविले होते की मृत्यूनंतर कधी कधी जठराचा रस खुद्द जठरालाच विरघळवितो. १७८६ मध्ये त्यांनी स्पालांझानींवर कडक टीका केली, १७८८ मध्ये स्पालांझानींनी तितकेच कडक उत्तर दिले.

एक गोष्ट स्पालांझानींच्या हातून निसटली. हा रस आम्लधर्मी आहे हे त्यांना ओळखता आले नाही. बहुतेक वेळा तो ना आम्ल ना अल्कली असेच त्यांना आढळले. रिकाम्या जठरात आम्ल कमी स्रवते आणि ते अन्न आल्यावर वाढते, हे कारण त्यामागे असू शकेल. १८२४ मध्ये लंडनच्या विल्यम प्राउट यांनी जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचे सिद्ध केले. अमेरिकेचे लष्करी शल्यवैद्य विल्यम बोमाँट यांनी, गोळी लागून पोटाला कायमचे छिद्र पडलेल्या एका माणसाच्या जठरात दोऱ्याला बांधलेले अन्न सोडून वर्षानुवर्षे निरीक्षणे केली आणि १८३३ मध्ये ती प्रसिद्ध केली. १८३६ मध्ये जर्मनीच्या थिओडोर श्वान यांना त्या रसातील प्रथिने तोडणारा घटक सापडला. त्याला त्यांनी पेप्सिन हे नाव दिले. जठररसात अन्न कुजत नाही हे स्पालांझानींचे निरीक्षण मात्र अचूक होते. त्यातील तीव्र आम्ल अन्नाबरोबर आलेल्या बहुतेक जंतूंना मारते, आणि जठराच्या अस्तरावरचा चिकट लेप जठराला त्या आम्लापासून वाचवितो.

आता काही अप्रिय गोष्टी. धर्मगुरूचे चरित्र धर्मगुरूंनी लिहिताना त्या झाकण्याचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा. त्यांच्या प्रयोगांत असंख्य मुक्या जिवांचा बळी गेला. वटवाघळांचे डोळे त्यांनी काढले, टर्कीच्या पोटात सुया घातल्या, आणि या यातनांमुळे ते फारसे अस्वस्थ झालेले दिसत नाहीत. त्या शतकात बहुतेकांना त्यात गैर वाटत नव्हते. आम्हांला वाटते.

दुसरी गोष्ट वैराची. १७८५ मध्ये ते कॉन्स्टँटिनोपलच्या प्रवासास गेले असता संग्रहालयाचे रखवालदार, कॅनन सेराफिनो व्होल्टा यांनी त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला. विद्यापीठाच्या संग्रहातील वस्तू त्यांनी स्कांदियानोतील आपल्या घरी नेल्या, असा तो आरोप होता. स्कोपोली, स्कार्पा, फोंताना हे सहकारी प्राध्यापकही विरोधकांत होते. चौकशी होऊन १७८७ मध्ये स्पालांझानी निर्दोष ठरले. येथेच प्रकरण मिटायला हवे होते. परंतु स्कोपोली यांनी आतड्यातील एक नवा जंत सापडला म्हणून सचित्र वर्णन छापले होते. तो जंत नसून कोंबडीच्या घशाचा भाग होता. स्पालांझानींनी टोपणनावाने पत्रे प्रसिद्ध करून या चुकीवरून त्या वृद्ध विद्वानाचे जगभर हसे केले. स्कोपोली १७८८ च्या मे महिन्यात वारले. अन्नमार्गाची रचना स्पालांझानींना कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक होती, यात शंका नाही; तिचा हा उपयोग त्यांना शोभला नाही.

उतारवयातही त्यांचे पाय एका जागी ठरले नाहीत. १७८८ मध्ये ते नेपल्स व सिसिलीकडील ज्वालामुखी पाहण्यास गेले, व्हेसुव्हियस आणि एटना चढले. १७९३ पासून वटवाघळांवर काम केले. फ्रेंचांनी पॅरिसला अध्यापकपद देऊ केले, ते त्यांनी नाकारले. मूत्राशयाच्या दुखण्याने ते दीर्घकाळ त्रस्त होते. फेब्रुवारी १७९९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पाव्हिया येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचे रोगग्रस्त मूत्राशय वैद्यकीय अभ्यासासाठी काढून ठेवण्यात आले. ते आजही पाव्हिया विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. स्कांदियानोतील त्यांचा संग्रह त्यांची बहीण मारियान्ना सांभाळीत असे. त्या स्वतः निसर्गाच्या जाणकार होत्या. ज्या संग्रहावरून भावावर चोरीचा आळ आला होता, तो त्याच वर्षी रेज्जोच्या नगरपालिकेने विकत घेतला आणि आता तो तेथील नगरसंग्रहालयात पाहावयास मिळतो.